वांकडें चाक : एका हौशी छायाचित्रकाराची आठवण

मोटारींच्या शर्यतींचीं छायाचित्रें आजवर अगणित निघालीं असतील. परंतु त्यांतील एक चित्र असें आहे, कीं शर्यतींत ज्यांना कवडीचाहि रस नाहीं अशा माणसांच्याहि तें ओळखीचें असतें. एक उघडी शर्यतीची मोटार चित्राच्या उजव्या कडेंतून बाहेर निसटत आहे; तिचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेलेलाच आहे. मागच्या टाकीवर ६ हा आकडा ठळक रंगविलेला आहे. चालक आणि शेजारीं बसलेला त्याचा मेकॅनिक ह्या दोघांना बाहेरच्या जगाची शुद्ध नाहीं. मागचें चाक वाटोळें राहिलेलें नाहीं. तें अंड्यासारखें लांबट होऊन पुढें झुकलें आहे. जणूं मोटारीच्याहि आधीं पुढें पोंचण्याची त्याला घाई झाली आहे. उलट रस्त्याच्या कडेला उभे असलेले प्रेक्षक आणि मागचे तारेचे खांब वावटळींत सांपडलेल्या जोंधळ्याच्या ताटांसारखे मागें कलले आहेत. असें चाक जगांत कोणीं पाहिलेलें नाहीं, आणि इतका कललेला माणूस पायांवर उभा राहूं शकत नाहीं. तरीहि पाहणाराला वाटतें, वेग म्हणतात तो हाच.

हें चित्र घेणारा गृहस्थ धंदेवाईक छायाचित्रकार नव्हता. झाक आंरी लार्तीग हें त्याचें नांव. फ्रान्समधील एका सधन कुटुंबांतला हा तरुण निव्वळ हौसेखातर कॅमेरा घेऊन शर्यतींना जात असे. ह्या चित्राबरोबर त्याच्या आठवणीवरून चालत आलेली माहिती अशी : दलाज कंपनीची मोटार, फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबाची ग्रां प्री शर्यत, स्थळ दिएप, दिनांक २६ जून १९१२. ही माहिती पुस्तकांत छापली गेली आणि प्रदर्शनांतून चित्राखालीं लागली. ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें आणि हातांनीं चित्र घेतलें, त्याच्या शब्दावर कोणी संशय घ्यावा? पुढें कांहीं चिकित्सक अभ्यासकांनीं तो घेतला, आणि मोटार, गांव व वर्ष ह्या तिन्ही गोष्टी चुकीच्या ठरल्या. एका प्रामाणिक माणसाची आठवण इतकी कशी चुकली, आणि आठवण चुकूनहि त्याचें चित्र खरें कसें राहिलें, ही हकीकत म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

लार्तीगचा जन्म १३ जून १८९४ रोजीं पॅरिसजवळच्या कूर्बव्वा येथें झाला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आंतच, २२ जुलै रोजीं, ‘ल पती झुर्नाल’ ह्या वृत्तपत्रानें पॅरिसहून रूआं शहराकडे घोड्यांविना चालणाऱ्या गाड्यांची एक चढाओढ भरविली. मोटारींच्या स्पर्धांचा इतिहास सामान्यतः ह्या दिवसापासून सांगतात. पुढच्याच वर्षीं पॅरिस–बोर्दो–पॅरिस अशी शर्यत झाली. तींत एमिल लव्हासोर ह्या यंत्रज्ञानें सुमारें १,१८० किलोमीटरांचा पल्ला ४८ तास ४८ मिनिटांत पुरा केला. म्हणजे हा मुलगा आणि हा खेळ जवळजवळ एकाच वयाचे. दोघे बरोबरच रांगले, आणि दोघेहि बरोबरच धांवूं लागले.

वडील आंरी लार्तीग ह्यांना मोटारींचा आणि छायाचित्रणाचा, दोन्हींचा शोक होता. घरांत पैशाला तोटा नव्हता. मुलगा मात्र प्रकृतीनें नाजूक होता. जें सुंदर दिसतें तें क्षणांत नाहींसें होतें ह्याचें दुःख त्याला फार लहानपणीं लागलें. उन्हांतील एखादें दृश्य, आईची चालण्याची ढब, बागेंतील एखादा खेळ असें कांहीं आवडलें म्हणजे तो डोळे भराभर उघडून मिटी आणि तें दृश्य आपल्या आंत कायमचें कोंडलें गेलें असें समजे. ह्या युक्तीला त्यानें ‘डोळ्याचा सांपळा’ असें नांव दिलें होतें. कांहीं दिवस हा सांपळा चालला, आणि मग एके दिवशीं मुलाच्या ध्यानांत आलें, कीं त्यांत कांहींच राहत नाहीं. त्या निराशेनें तो फार कष्टी झाला. इ. स. १९०२ मध्यें वडिलांनीं त्याला खराखुरा कॅमेरा आणून दिला. लांकडाचा तो अवजड डबा तिकाटण्यावर ठेवून भिंगापर्यंत पोंचण्यासाठीं त्याला स्टुलावर चढावें लागे. परंतु हा सांपळा फसवा नव्हता. त्यांत सांपडलेलें दृश्य कांचेच्या प्लेटीवर उमटे, आणि दुसऱ्या दिवशींहि तेथेंच असे.

त्यानंतर ह्या मुलानें घरांत जें जें हललें तें तें टिपलें. त्याचा थोरला भाऊ मॉरिस, ज्याला घरांत झिसू म्हणत, हा धाडसी आणि हुन्नरी होता. चार चाकांच्या घसरगाड्या करून उतारावरून सोडाव्या, कापड आणि लांकूड ह्यांचीं उडतीं यंत्रें बांधून रूझा येथील आपल्या खेड्यांतल्या वाड्याच्या माळावर पळवावीं, असे त्याचे उद्योग. धाकटा भाऊ त्या प्रत्येक पराक्रमाचा बखरकार. इ. स. १९०५ मधलें त्याचें एक चित्र फार बोलकें आहे. पॅरिसमधील आपल्या खोलींत खेळण्यांतल्या शर्यतीच्या मोटारी मांडून त्यानें कॅमेरा जमिनीलगत नेला आणि चित्र घेतलें. उभ्यानें पाहिलें तर तीं खेळणीं. जमिनीलगत पाहिलें तर खऱ्या मोटारींचा तळ. थोर माणसें वरून पाहतात, मूल खालून पाहतें, आणि चित्र कोठून घ्यावयाचें हेंच चित्राचें अर्धें मर्म आहे, हें त्या अकरा वर्षांच्या मुलाला कोणींहि शिकविलेलें नव्हतें.

त्याच वर्षीं त्याला खऱ्या मोटारी पाहावयास मिळाल्या. तोंवर ह्या खेळानें रक्तहि पाहिलें होतें. आरंभीच्या शर्यती एका शहराहून दुसऱ्या शहराला अशा उघड्या रस्त्यानें होत. मे १९०३ मध्यें पॅरिसहून माद्रिदकडे जी शर्यत निघाली, तींत वाटेंत इतके अपघात झाले, चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षक इतके दगावले, कीं सरकारनें ती बोर्दो येथेंच बंद पाडली. रेनो बंधूंपैकीं मार्सेल हा त्याच शर्यतींत गेला. तेव्हांपासून शर्यती रहदारी बंद केलेल्या ठरावीक फेऱ्यांच्या मार्गावर घेण्याची पद्धत रूढ होत गेली. जुलै १९०५ मध्यें औव्हेर्न्य प्रांतांतील डोंगरी रस्त्यांवर गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत झाली. एक फेरी सुमारें १३७ किलोमीटरांची, आणि अशा चार फेऱ्या. लेऑं तेरी हा फ्रेंच चालक तासाला सुमारें ७८ किलोमीटरांच्या सरासरीनें जिंकला. आज हा वेग कोणत्याहि घरगुती मोटारीला सहज साधतो. परंतु ज्या पिढीनें आयुष्यभर घोड्याची चाल हेंच वेगाचें माप मानलें, तिला खडीच्या रस्त्यावरून धुरळ्याचा लोट उठवीत, वळणावर फरफटत येणारी ती लोखंडी धूड दिसली म्हणजे छातींत धडकी भरे. ह्या शर्यतीचीं चित्रें घेणारांत अकरा वर्षांचा लार्तीगहि होता.

येथें धंदेवाईक आणि हौशी ह्यांच्यांतील फरक ध्यानांत घेतला पाहिजे. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला विजेता हवा, अपघात हवा, मोटारीचा आकडा स्पष्ट हवा, आणि हें सर्व संध्याकाळच्या आंत कचेरींत पोंचावयास हवें. त्यामुळें तो शेवटच्या रेघेजवळ किंवा अवघड वळणावर ठाण मांडी. हौशी माणसावर असें कोणतेंच बंधन नसतें. त्याला कोणी मालक नाहीं, म्हणून त्याला विजेत्याची गरज नाहीं. दहावा येणारा त्याला पहिल्याइतकाच प्रिय असूं शकतो. तो कोठल्याहि साध्या सरळ रस्त्याच्या कडेला उभा राहतो, आणि जी मोटार समोर येते तिच्यावर जीव लावतो. पण हें स्वातंत्र्य जितकें मोठें तितकीच त्याची एक उणीवहि मोठी. चित्र कोणाचें, कोठलें, कोणत्या फेरींतलें हें तेथल्या तेथें लिहून घेण्याची सक्ति त्याच्यावर नसते. ह्या उणिवेचें फळ पुढें दिसणार होतें.

इ. स. १९०६ मध्यें ल मां शहराजवळ फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबानें पहिली ग्रां प्री, म्हणजे थोरल्या बक्षिसाची शर्यत, भरविली. फेरेंट्स सिस हा मूळचा हंगेरियन चालक रेनो मोटारींतून दोन दिवसांत सुमारें १,२३८ किलोमीटर जाऊन पहिला आला. रस्त्यावर ओतलेलें डांबर उन्हानें पातळ होऊन चालकांच्या डोळ्यांत उडत होतें. टायर तर सारखे फाटत. ते बदलण्याचें काम चालक आणि मेकॅनिक ह्या दोघांनींच करावयाचें असा नियम होता. सिसच्या मोटारीला काढतां-घालतां येणारीं धांवांचीं कडीं होतीं. तयार टायर चढविलेलें कडें बसविलें कीं काम झालें. ज्यांच्याकडे तीं नव्हतीं त्यांना दर वेळीं सुरीनें रबर कापून काढावें लागे. त्या काळीं मेकॅनिक म्हणजे शेजारीं बसलेला दुसरा बळी. इंजिनाला तेल पुरविणें, मागून कोण येतो तें सांगणें, चाक बदलणें हीं त्याचीं कामें. जिंकल्यावर मोठें नांव चालकाचें होई. पण उलटल्यावर दोघेहि सारखेच खालीं सांपडत.

इ. स. १९१२ ची ग्रां प्री २५ व २६ जून रोजीं दिएप येथें झाली. त्या दोन दिवसांत मोटारींना १,५०० किलोमीटरांहून अधिक पल्ला तोडावयाचा होता. चौदा लिटरांच्या प्रचंड फियाट मोटारींना प्यूजो कंपनीच्या निम्म्या आकाराच्या इंजिनानें हरविलें. झॉर्झ ब्वायो हा तिचा चालक एका दिवसांत फ्रान्सचा लाडका वीर झाला. पुढच्या वर्षींची शर्यत १२ जुलै १९१३ रोजीं आमिएं शहराजवळ होती. ह्या वेळीं मोटारींना शंभर किलोमीटरांमागें वीस लिटरच पेट्रोल मिळेल असें बंधन घातलें होतें. सुमारें ९१७ किलोमीटरांची ती शर्यत ब्वायोनेंच, पुन्हां प्यूजोंतूनच, तासाला ११६ किलोमीटरांच्या सरासरीनें जिंकली. दुसरा झ्यूल गू, तिसरा शासान्य. दोन उन्हाळे, एकच वीर आणि एकच मोटार-कंपनी. ही गोष्ट मनांत ठेवावी, कारण आठवणीची पुढील गफलत कदाचित् येथेंच रुजली.

अशा एका शर्यतीच्या दिवशीं तो तरुण रस्त्याच्या कडेला उभा होता. लांबून इंजिनाचा आवाज आला. मोटार दिसली, आणि पाहतां पाहतां अंगावर आली. स्थिर कॅमेऱ्यासमोरून इतक्या वेगाची वस्तु गेली तर प्लेटीवर नुसता फराटा उमटतो. म्हणून पक्ष्यावर नेम धरणारा शिकारी जशी बंदूक पक्ष्याबरोबर फिरवितो, तसा त्यानें मोटारीबरोबर कॅमेरा फिरविला आणि कळ दाबली. पण मोटार त्याच्या हातांपेक्षां चपळ निघाली. तिचें नाक चौकटीबाहेर गेलें, आणि कांचेवर उरलें तें हें वांकडें चाक.

चाक वांकडें कां दिसलें ह्याचें कारण कॅमेऱ्याच्या रचनेंत आहे. ह्या जातीच्या कॅमेऱ्यांत कांचेच्या प्लेटीला लागून पुढें कापडाचा पडदा असतो, आणि त्या पडद्याला एक आडवी चीर असते. कळ दाबली कीं पडदा वरून खालीं सरकतो आणि चिरेंतून येणारा प्रकाश प्लेटीवर पट्ट्यापट्ट्यांनीं पडत जातो. मागावर कापड जसें धाग्यामागून धागा विणलें जातें, तसेंच हें चित्र विणलें जातें. तें सबंध एका क्षणीं उमटत नाहीं. आतां भिंगांतून पडणारी प्रतिमा उलटी असते. जमीन प्लेटीच्या वरच्या अंगाला येते, आकाश खालच्या अंगाला. म्हणून पडदा वरून खालीं येतांना आधीं जमीन टिपली जाते, शेवटीं आकाश. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग आधीं टिपला गेला, आणि चीर चाकाच्या माथ्याशीं पोंचेपर्यंत मोटार हात फिरविण्याच्या वेगालाहि मागें टाकून थोडी पुढें सरकली होती. म्हणून माथा पुढें गेला, पायथा मागें राहिला. प्रेक्षकांचें नेमकें उलट झालें. ते जागचे हलले नव्हते. पण कॅमेरा उजवीकडे फिरत होता, म्हणून चित्रांत ते डावीकडे सरकत होते. त्यांचे पाय आधीं उमटले, डोकीं नंतर. एकाच पडद्यानें धांवणाऱ्याला पुढें आणि उभ्याला मागें कलविलें.

तेव्हां त्या चित्रांत लबाडी कोठेंहि नाहीं. चाक वाटोळें असतें हें खरें. परंतु पडदा खालीं येण्यास जो सेकंदाचा लहानसा अंश लागला, तेवढ्यांत तें चाक किती पुढें गेलें हें त्या वांकडेपणांत लिहिलेलें आहे. वाटोळें चाक दाखविणाऱ्या चित्रांत मोटार उभी आहे कीं धांवत आहे हेंहि कळत नाहीं. आकार चुकला, म्हणून वेग दिसला.

परंतु त्या काळच्या कसोटीनें हें चित्र फसलेलें होतें. चांगल्या चित्रांत सबंध मोटार चौकटीच्या मध्यें यावी, चाकें वाटोळीं असावीं, खांब उभे असावे. येथें मोटार अर्धवट, चाक वेडेंवांकडें, माणसें कललेलीं. चित्र घेणारालाहि तें मनासारखें वाटलें नाहीं आणि त्यानें तें बाजूला टाकलें. सुदैव एवढेंच, कीं ज्याला बालपणापासून कांहींहि नाहींसें होणें सोसत नव्हतें, तो फसलेली प्लेटहि फोडीत नसे. ती सुमारें चाळीस वर्षें तशीच पडून राहिली.

त्या चाळीस वर्षांत जगाचें काय झालें? ४ जुलै १९१४ रोजीं लिऑं येथें पुढची ग्रां प्री झाली. साराजेव्हो येथील खून होऊन तेव्हां एक आठवडाहि लोटला नव्हता. त्या शर्यतींत जर्मनीच्या मर्सिडीज मोटारी पहिल्या तिन्ही जागा घेऊन गेल्या आणि ब्वायोची प्यूजो शेवटच्या फेरींत मोडून पडली. महिन्याभरानें फ्रान्स व जर्मनी ह्यांच्यांत युद्ध पेटलें. ब्वायो वैमानिक झाला आणि मे १९१६ मध्यें व्हेर्दंजवळच्या हवाई झुंजींत मारला गेला. रस्त्याच्या कडेला उभे असलेले ते टोपीवाले प्रेक्षक पाहतांना आज मन चरकतें तें ह्यामुळें. वाऱ्यानें कललेल्या पिकासारखे ते दिसतात, आणि कापणी अगदीं जवळ आलेली होती.

लार्तीगनें पुढें चित्रकलेचा व्यवसाय पत्करला. स्वतःला तो चित्रकारच म्हणवी. छायाचित्रण मात्र चालूच राहिलें. दिवसाची टांचणें, हवा कशी होती, काय केलें, कोणतीं चित्रें घेतलीं, हें तो रोजनिशींत लिही, आणि घेतलेल्या चित्रांचीं लहान रेखाटनेंहि काढून ठेवी. चित्रें अल्बमांत चिकटविलीं जात, आणि असे अल्बम शंभराहून अधिक झाले. घराबाहेर त्यांची फारशी कोणाला माहिती नव्हती.

इ. स. १९६२ मध्यें तो अमेरिकेस गेला असतां त्याचीं जुनीं चित्रें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांतील छायाचित्र-विभागाचे प्रमुख जॉन झारकोव्स्की ह्यांच्या पाहण्यांत आलीं. दुसऱ्याच वर्षीं तेथें त्यांचें प्रदर्शन भरलें. लार्तीग तेव्हां एकोणसत्तर वर्षांचा होता, आणि लोक ज्या चित्रांनीं थक्क झाले तीं बहुतेक त्याच्या कोंवळ्या वयांतलीं होतीं. ‘लाइफ’ ह्या साप्ताहिकाच्या २९ नोव्हेंबर १९६३ च्या अंकांत त्याचीं चित्रें छापलीं गेलीं. तो अंक अध्यक्ष केनेडी ह्यांच्या हत्येच्या बातमीचा असल्यामुळें घरोघर गेला. एका शोकाच्या दिवशीं एका निश्चिंत युगाचीं चित्रें जगानें पाहिलीं. त्यानंतर वांकडें चाक सर्वतोमुखी झालें. इ. स. १९७९ मध्यें लार्तीगनें आपला सर्व संग्रह हयातींतच फ्रेंच सरकारास अर्पण केला, आणि १२ सप्टेंबर १९८६ रोजीं नीस येथें त्याचें निधन झालें.

अशी कीर्ति झाल्यावर चित्राखालची ओळहि पाठ झाली : दलाज, दिएप, १९१२. मग मोटारींच्या इतिहासाचे जाणकार आणि छायाचित्रांचे संशोधक तिच्याकडे बारकाईनें पाहूं लागले. त्यांनीं विद्वत्तेचा कांहीं चमत्कार केला नाहीं. गांवच्या कुलकर्ण्यानें दप्तर ताडून पाहावें तसें शर्यतीचें दप्तर त्यांनीं ताडून पाहिलें. १९१२ च्या ग्रां प्रींत उतरलेल्या मोटारींची यादी उपलब्ध आहे, आणि तींत दलाज कंपनीची मोटारच नाहीं. ती कंपनी ह्या शर्यतीला उतरली ती पुढच्या वर्षीं. मग चित्रांतील मोटारीची घडण आणि टाकीवरचा आकडा ह्यांचा मेळ कोठें बसतो तें पाहिलें. तो बसला आमिएं येथील १२ जुलै १९१३ च्या शर्यतीशीं, आणि तेथेंहि दलाजशीं नव्हे, तर तेओदोर श्नेदेर ह्या मोटारीशीं. ६ हा आकडा तिचा होता, आणि तिचा चालक रने क्रोके.

ह्यावरून लार्तीग खोटें बोलला असें कोणी म्हणूं नये. खोटें बोलण्यांत त्याचा कांहीं लाभ नव्हता. माणसाची स्मृति हीहि एक पडद्याची चीरच आहे. ती सबंध आयुष्य एका वेळीं टिपीत नाहीं. एक पट्टा आज टिपते, एक उद्यां, आणि तोंवर माणूस पुढें गेलेला असतो. उत्तर वयांत त्यानें आपले कित्येक अल्बम पुन्हां नव्यानें मांडले. त्या वेळीं मागें वळून पाहणाराच्या मनांत युद्धापूर्वींचे ते उन्हाळे एकमेकांत मिसळून एकच लांब उन्हाळा झालेले असले तर नवल नाहीं. दोन्ही वर्षीं ब्वायो, दोन्ही वर्षीं प्यूजो, तोच धुरळा, तीच गर्दी. प्रेमानें आठवणारा माणूस तारीख आठवीत नाहीं. तो ऊन आठवतो.

इतिहासकारानें ह्यांतून घ्यावयाचा धडा साधा आहे, पण पाळावयास अवघड आहे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा मान ठेवावा, आणि त्याची साक्ष तरीहि तपासावी. ह्या दोन गोष्टींत विरोध नाहीं. आपल्याकडेहि बखरींचा लेखक प्रसंगाच्या जवळचा म्हणून त्याचें म्हणणें जसेंच्या तसें घेण्याचा मोह पडतो, आणि मग एखादा कोरडा कागद, एखादी जमाखर्चाची यादी, त्याची तारीख चुकीची ठरविते. म्हणून बखर टाकावी असें नाहीं. त्या काळच्या माणसाला काय वाटत होतें हें बखर सांगते. तें केव्हां घडलें हें यादी सांगते. लार्तीगच्या चित्रानें वेग म्हणजे काय हें सांगितलें. कोणाचा वेग हें शर्यतीच्या नोंदीनें सांगितलें.

हा वाद नुसत्या तारखेचा असता तर त्यावर इतकी मेहनत घेण्याचें प्रयोजन नव्हतें. पण तारखेच्या मागें माणूस उभा असतो. रने क्रोके त्या दिवशीं पहिल्या तिघांत आला नाहीं. विजेत्यांच्या कथांत त्याचें नांव येत नाहीं. पेट्रोलाचें माप सांभाळीत, शेजारच्या सोबत्याच्या जीवाची जोखीम आपल्या हातांत घेऊन, तो त्या रस्त्यानें जिवापाड धांवला. त्याचें तें धांवणें जगांतील सर्वांत प्रसिद्ध शर्यत-चित्र झालें, आणि त्याखालीं दुसऱ्याच मोटारीचें नांव लागलें. ज्यानें तें धांवणें अमर केलें, त्याच्याच हातून हा अन्याय झाला, आणि तोहि केवळ विसराळूपणानें. कोणा अनोळखी अभ्यासकांनीं जुन्या याद्या चाळून तो दूर केला. कीर्ति देणें हौशी माणसाच्या हातीं होतें. न्याय देण्यासाठीं मात्र चिकाटीचा कारकूनच लागला.

डोळ्याचा सांपळा फसला म्हणून रडणाऱ्या त्या मुलाला अखेर हवें होतें तें मिळालें असेंच म्हटलें पाहिजे. त्याला वाटलें होतें, कीं आपण तो क्षण पकडूं आणि आपल्या आठवणींत ठेवूं. आठवणींतला क्षण बदलला. गांव बदललें, वर्ष बदललें, मोटारीचें नांव बदललें. कांचेवरचा क्षण मात्र जागचा हलला नाहीं. टाकीवरचा ६ हा आकडा त्या उन्हाळी दिवशीं जसा होता तसाच राहिला, आणि कोणी तरी येऊन आपल्याला नीट वाचील ह्याची वाट पाहत राहिला.